सबुरीचा खर्च

पनवेलच्या मोहल्ल्यात तालमीचा हिशेब फार काळ एकाच मापाने झाला : मुलगा किती लवकर कमावता होतो? कुणी आखातात गेले, कुणी बोटीवर, कुणी बापाच्या दुकानात बसले. त्याच पैशांतून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. म्हणून त्या मापाला नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही. पण यंदा आमच्या मुलीने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे म्हटले, आणि आम्हा नवरा-बायकोला तो हिशेब नव्याने मांडावा लागला.

कॉलेजसाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. नवीन पनवेलमध्ये पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय 1999 पासून आहे. 1874 साली मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी, नाखुदा रोगे आदींनी स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पसही 2011 पासून इथेच आहे. म्हणजे मुलगी घरचे जेवून शिकणार. वसतिगृहाचा खर्च वाचला.

मग कागद-पेन्सिल घेतली. खासगी कॉलेजची फी अंदाजे सव्वा लाख धरली, तर चार वर्षांचे पाच लाख. लॅपटॉप, पुस्तके, परीक्षा, जाणे-येणे यांचे दीड लाख. आणखी एक रक्कम आपण सहसा लिहीतच नाही. बारावीनंतर लगेच कुठे कामाला लागली असती, तर महिना बारा हजारांप्रमाणे चार वर्षांत पावणेसहा लाख आले असते. एकूण सव्वाबारा लाख.

आता जमेची बाजू. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नवख्यांचा पगार कित्येक वर्षे सालीना साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. हातात महिना पंचवीस हजार धरा. तोवर बारावीवर कामाला लागलेली मुलगी सोळा-सतरा हजारांपर्यंत पोचलेली असते. फरक वर्षाला लाखभराचा. पगार तिथेच थांबला, तर घातलेले पैसे वसूल व्हायला बारा वर्षे लागतील! आमच्या मुलीचे मामू कागद पाहून म्हणाले, “आपा, एवढ्यात हिचं लग्न होईल आणि वर गाळ्याचं डिपॉझिटही निघेल.”

मामूंची बेरीज बरोबर होती. पण पगार तिथेच थांबतो असे नाही. या धंद्यात चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीशी आला, काम खरोखर येत असले, की पगार दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. आंब्याचे कलमसुद्धा चार-पाच वर्षे नुसते पाणीच मागते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अर्थात कलमही जळते. टीसीएससारख्या कंपनीने 2025 साली सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. पदवी म्हणजे हमी नव्हे, हे आम्ही मुलीलाही सांगितले.

पहिला प्रश्न पैसे कुठून आणायचे हा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज त्याआधीच चढू लागते. म्हणजे पगार सर्वांत कमी असतो तेव्हाच हप्ता दाराशी येतो, आणि मुलगी मिळेल ती नोकरी धरून बसते. शिवाय सूद नको, हा आमच्या घरचा आग्रह. दुसरी वाट सरकारी सवलतीची. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश प्रक्रियेतून हवा. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. तरी दाखल्यासाठी तहसील कचेरीत जायचा कंटाळा करून कित्येक घरे ही सवलत घालवतात.

समजा, फी माफ झाली. मग उरते काय? उरतात वर्षे. आणि मुलीच्या बाबतीत सगळे घोडे इथेच अडते. बाविसाव्या वर्षी तिला पहिला पगार मिळतो, त्याच वर्षी पैगाम येऊ लागतात. सासरचे म्हणतात, “पंचवीस हजारांसाठी ऐरोलीपर्यंत लोकलने कशाला धक्के खायचे?” नोकरी सुटते. कलमाला मोहोर यायच्या आतच पाणी तोडले जाते. आणि मग आपणच म्हणतो, मुलींना शिकवून काय फायदा झाला?

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात एक आकडा आहे : वीस वर्षांवरील एकूण लोकसंख्येत पदवी-पदविकाधारक सुमारे सात टक्के, मुसलमानांत चार टक्क्यांहूनही कमी. हा आकडा आता जुना झाला. पण मिळालेली पदवी पुढे किती वर्षे कामी आली, हे तो आकडा तेव्हाही सांगत नव्हता. त्याचा हिशेब घराघरातच ठेवावा लागेल.

आम्ही ठरवले ते असे. लग्नासाठी ठेवलेल्या सोन्यातले निम्मे सोने लागेल तसे फीसाठी मोडायचे. दाखल्याचा अर्ज करायचाच. आणि पैगाम आला, तर हुंड्या-जहेजाच्या आधी विचारायचे, “मुलगी नोकरी करील, चालेल ना?” यामुळे दोन-चार स्थळे परत जातील, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या दादींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, “जाऊ देत. खर्चात तेही धरा.”