खाडी आडवी येते म्हणून

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये चौदा सायकली आहेत. त्यातल्या अकरा पंक्चर, एकीला चेन नाही आणि उरलेल्या दोन मेसच्या मामांच्या. त्यामुळे "सबमिशन संपलं की अलिबागहून श्रीवर्धनला सायकलने जायचं" असं मी जाहीर केलं तेव्हा विंगमध्ये हसू पिकणारच होतं. माझा रूमपार्टनर मात्र हसला नाही. त्याला सायकलचं वेड आहे, पण ते फ्रान्समधल्या सायकलचं. जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की हा रात्री दोनपर्यंत हायलाइट्स बघत बसतो. त्याचं ठाम मत असं, की सायकल चालवावी ती तिकडे. शेतांमधून जाणारे अरुंद रस्ते, तासाभरात एखादा ट्रॅक्टर, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या 'हिरव्या वाटा'. "आपल्याकडे सायकलवाल्याला रस्ता कुठे आहे रे? खड्डे आहेत फक्त."

म्हटलं, चल, दाखवतो.

जानेवारीत आम्ही चौघं निघालो. दोन गिअरवाल्या सायकली, एक चुलत्याची जुनी ॲटलस आणि एक भाड्याची. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पहिला टप्पा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून ओल्या मातीचा आणि सुक्या मासळीचा वास. आक्षीला मराठीतल्या सर्वात जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा. गाडीतून जाणाऱ्याला तो कशाला दिसतोय! आम्ही मात्र थांबलो, कारण ॲटलसची चेन तिथेच उतरली.

रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव, मग उजव्या हाताला कोर्लईचा किल्ला. कोर्लई गावात अजून पोर्तुगीज मिश्रित बोली बोलतात, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पुढे काशीद, नांदगाव, मुरूड. रस्ता सुंदर आहे, पण खरं सांगायचं तर इथवर शांतता नाही. आम्ही मुद्दाम मंगळवारी निघालो होतो, तरी काशीदच्या आसपास मुंबईच्या गाड्या अंगावरून गेल्याच. रूमपार्टनर दर हॉर्नला माझ्याकडे बघायचा. बोलायचा काही नाही.

मुरूडच्या पुढे आगरदांडा. तिथे रस्ता संपतो. म्हणजे अक्षरशः संपतो, समोर राजपुरीची खाडी. पलीकडे दिघी. मध्ये पूल नाही, फेरीबोट आहे, तिला इकडे सगळे 'जंगल जेट्टी' म्हणतात. माणसं, मोटारसायकली, चारचाकी, टेम्पो, सगळं तिच्या पोटात. आमच्या सायकली एका टेम्पोच्या मागे टेकवल्या आणि कठड्याला उभे राहिलो.

दिघीपासून बंदराचे ट्रक थोडा वेळ सोबत असतात, ते म्हसळ्याकडे वळले की मग मात्र कमाल. चढ, बोर्लीपंचतन, दिवेआगर आणि तिथून समुद्राला चिकटून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धन. या शेवटच्या पट्ट्यात पाऊण तास आम्हाला एकही गाडी भेटली नाही. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली लाटा, आणि आवाज कसला म्हणाल तर ॲटलसच्या मडगार्डचा. रूमपार्टनर पुढे जाऊन मोरीवर बसला होता. आम्ही पोचलो तर म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून हे म्हणजे डिस्टिंक्शन.

(शांततेचा उपयोग सगळे सायकल चालवायलाच करतात असं नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती.)

आता मुद्दा. हा रस्ता शांत का आहे? फ्रान्समध्ये शांतता आखलेली आहे. जड वाहतूक मोटारमार्गांवर गेली, सायकलला तिथे बंदी, पण जुने छोटे रस्ते तिच्यासाठी शिल्लक. आपल्या किनाऱ्यावर कोणी काही आखलेलं नाही. सेकंड इयरला शिकलेलं आठवा. दोन रेझिस्टन्स पॅरलल जोडले तर जास्त करंट कुठून जाणार? कमी रेझिस्टन्सच्या वाटेने. मुंबईहून दक्षिणेला जाणारी वाहतूक आत पनवेल-महाडच्या हायवेने जाते, कारण किनाऱ्याच्या वाटेवर दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते आणि बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या पुढे सरकतात. खाडी हा आपला रेझिस्टन्स. पुरावा वाटेतच आहे. रेवदंड्याला पूल आहे, म्हणून काशीदला हॉर्न आहेत. आगरदांड्याला नाही, म्हणून शेखाडीला लाटा ऐकू येतात.

आणि हा रेझिस्टन्स आता काढायचा ठरलं आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत. रेवस-करंजा, रेवदंड्याला नवा, आगरदांडा-दिघी, पुढे बाणकोटच्या खाडीवर. माझी पहिली प्रतिक्रिया तुमची झाली असती तीच: गेलं सगळं.

ही प्रतिक्रिया मी बोटीवर, येतानाच्या फेरीत मोठ्याने बोलून दाखवली. शेजारी दिघीकडचे एक काका उभे होते. त्यांनी विचारलं, "पोरा, तू इकडं कितीदा येतो?" म्हटलं, पहिल्यांदाच. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. अलिबागच्या सिव्हिलला न्यायचं, तर शेवटची बोट कधीच गेलेली. गाडी करून म्हसळा, तळा, रोहा असा खाडीला अख्खा वळसा. "मूल वाटेत झालं. वाचलं, देवाची कृपा. पण तेव्हापासून मी पूल कवा होतो तेच बघतोय." काका चिडून बोलत नव्हते, त्यामुळे जास्त लागलं.

दिवेआगरला ज्यांच्याकडे जेवलो त्या आजींचंही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांची पोफळीची वाडी आडवी झाली. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर घर चालवणार कोण? पाहुणे. पाहुणे येतात गाडीने. "तुम्ही सायकलवाले पोरं गोड, पण चौघं मिळून दोन थाळ्या वाटून खाता," असं त्या हसत म्हणाल्या. (हा आरोप पूर्ण खरा नाही. तीन थाळ्या होत्या.)

तेव्हा "पूल नको" हे वाक्य मी परत तोंडातून काढणार नाही. पण पूल कसा, हे विचारायला काय हरकत आहे? अटल सेतूचं उदाहरण घ्या. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर लांब, आपल्या सिव्हिलवाल्यांची छाती फुगावी असं काम. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही बंदी. तिथे एकवेळ समजू शकतो. पण आगरदांडा-दिघी पुलावर हाच नियम आला आणि पूल झाल्यावर धंदा बसला म्हणून बोटही बंद झाली, तर? आज बोटीवर सायकल चढते, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण चढते. उद्या गाडीवाला काही मिनिटांत पलीकडे, आणि सायकलवाल्याला काकांच्या सुनेचा वळसा.

रूमपार्टनरने इथे त्याचा फ्रान्स काढला, आणि या वेळी कामाचा काढला. सेन नदीच्या मुखाशी 'पाँ द नॉर्मांदी' नावाचा केबल-स्टेड पूल आहे, १९९५ चा, मधला गाळा ८५६ मीटर. गाड्यांना टोल. सायकलला वेगळी पट्टी, चालणाऱ्याला फूटपाथ, आणि दोघांनाही फुकट. एवढंच नाही, त्याच नदीवर थोडं वरच्या अंगाला फेरीबोटी अजून चालू आहेत, त्याही फुकट. पूल आला म्हणून बोट मोडीत काढायची, असा नियम त्यांनी केला नाही. आपल्याकडे मोठा पूल बांधताना दोन मीटरची पट्टी वाढवायला किती खर्च येतो, याचा हिशोब आमच्यातल्या सिव्हिलवाल्याने बोटीतच तिकिटाच्या मागे सुरू केला. तिकीट संपलं, हिशोब नाही. फायनल इयरला तो हाच प्रोजेक्ट घेणार म्हणतोय. गाइड सरांनी हा लेख वाचला असेल तर कृपया होकार द्यावा.

महामार्ग गावातल्या जुन्या रस्त्यावरूनच रुंद करत नेला तर वाड्या आणि शांतता दोन्ही जातील. थोडा आतून नेला तर गाड्या तिकडे जातील आणि शेखाडीचा रस्ता आजच्यापेक्षाही रिकामा होईल. दोन्ही शक्य आहे. निर्णय नकाशावर होतो आणि नकाशा काढणारी माणसं आपल्यासारख्याच कॉलेजांमधून बाहेर पडतात.

तोवर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शनिवार-रविवार चुकूनही नाही. अलिबाग-मुरूड पहाटे उरका. बोटीची शेवटची वेळ जेट्टीवर आधी विचारून घ्या. पंक्चरचं सामान जवळ हवंच, दिवेआगर सोडलं की श्रीवर्धनपर्यंत दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही पुढच्या जानेवारीत बागमांडल्याहून बोटीने वेशवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात जाणार आहोत. दोन जागा आहेत. सायकल आपापली आणावी, ॲटलस मिळणार नाही.