शेंडा खुडायचा कोणी?

आमच्या यवतमाळकडे पऱ्हाटी फारच माजली की शेंडे खुडतात. नाहीतर नुसत्या फांद्याच वाढत बसतात आणि बोंडं कमी धरतात. हे आज आठवायचं कारण म्हणजे एक माशी. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी फळमाशी! गेले दोन-तीन वीकेंड तिच्यावरच वाचतोय.

या माशीच्या अळीत मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो, तिथे मण्यांच्या माळेसारखे फुगवटे असतात. त्यांना म्हणतात बूटॉन. प्रत्येक मण्यात रसायन भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. सिग्नल आला की पिशवी पडद्याला चिकटून माल बाहेर टाकते. मग तोच पडदा आत ओढून नवी पिशवी तयार होते. आपल्या भाषेत, बफर रिसायकल होतो.

पिशवी आत ओढून तोडणारं एक प्रथिन म्हणजे डायनामिन. त्यात बिघाड असलेल्या माशीचं नाव 'शिबिरे', जपानीत म्हणजे बधिर, लुळी. तापमान ३० अंशांच्या आसपास नेलं की ती धाडकन पडते, थंड केलं की उठून चालायला लागते. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, के. एस. कृष्णन यांनी या माश्यांवर कितीतरी वर्षं काम केलं. तिथला मॉलिक्युलर बायोलॉजीचा गट १९६२ मध्ये उभा केला ओबैद सिद्दिकींनी. त्यांनी आणि सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या आणखी काही माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

इथवर ठीक. पण पिशव्या आत ओढणारी ही प्रथिनं बिघडली की सायनॅप्सची वाढही बदलते! २००६ मध्ये असं दिसलं की अशा बऱ्याच माश्यांत मुख्य मण्यांच्या अंगाला बारीक बारीक जादा मणी फुटतात. का? स्नायूकडून मज्जातंतूला 'वाढ' असा निरोप येत असतो. तो घेणारे रिसेप्टर वेळेवर आत ओढले गेले नाहीत तर निरोप चालूच राहतो, असं पुढच्या संशोधनातून दिसतं. म्हणजे ही प्रथिनं नुसती हमाली करत नाहीत, शेंडेही खुडतात.

तर मुद्दा असा, की सिग्नल देण्याइतकंच तो थांबवणं महत्त्वाचं. आणि हे माझ्या जिल्ह्याने फार वाईट पद्धतीने पाहिलंय.

२०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. ज्या औषधांची नावं पुढे आली त्यात मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. ही ऑर्गॅनोफॉस्फेट्स नेमकं सायनॅप्सवरच काम करतात. पिशवीतून ॲसिटिलकोलिन बाहेर पडलं की एक एन्झाइम ते लगेच मोडतं आणि सिग्नल थांबतो. विष त्या एन्झाइमलाच जाम करतं. मग सिग्नल थांबतच नाही. घाम, लाळ, थरथर, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे.

अळीच्या स्नायूपाशी ॲसिटिलकोलिनऐवजी ग्लुटामेट असतं, हे खरं. पण किड्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन चालतं, आणि ते मोडणारं एन्झाइमही आपल्यासारखंच. कोट्यवधी वर्षांचा लेगसी कोड, कुणी बदललेलाच नाही! म्हणून तर माशीवर शिकलेलं माणसाला लागू पडतं. आणि म्हणूनच बोंडअळीसाठी आणलेली बाटली पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला ओळखत नाही.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गावी अजून वावर असेल. या रविवारी घरी फोन केलात तर पाऊसपाणी विचाराच, पण फवारायला कोण जातं आणि त्याच्या तोंडावर मास्क, हातात मोजे असतात का, तेही विचारा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, एवढं तरी सांगा.