फक्त कार्ड बदलायचं!

बँकेत इतरांच्या कर्जाचे अर्ज तपासणारा मी, घरी मात्र चिरंजीवांच्या एका वाक्यावर फसलो : “बाबा, व्हीआर गेमसाठी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलायचं!”

आमचा संगणक 2014चा. सेकंडहँड कार्ड आणलं, ते कॅबिनेटात मावेना. कॅबिनेट बदललं, तर जुना पॉवर सप्लाय पुरेना. तो बदलला, तर रॅम अपुरी! नाडी बदलायला गेलो आणि लेंगाच नवा शिवून आलो.

डोळ्यांवर बांधायचं ते यंत्र सेकंदाला 90 चित्रं मागतं म्हणे. पगार मात्र महिन्याला एकच!

अखेर ते माझ्या डोळ्यांवर चढलं. पायाखाली खोल कडा! किंचाळून मी चिरंजीवांचा हात पकडला. दहावीनंतर प्रथमच त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

ताळेबंद तिथंच जुळला.