जुनं, जून आणि म्हातारं

इंग्रजी-मराठी कोशाचं काम करणाऱ्या माणसाला काही शब्द दिवसच्या दिवस बसवून ठेवतात. ‘ओल्ड’ हा त्यातला एक. इंग्रजीत माणूस ओल्ड, चप्पल ओल्ड, मैत्री ओल्ड, आणि महिन्याभराच्या तान्ह्या बाळाचं वय विचारायलाही हाच शब्द लागतो. मराठीत याची नोंद लिहायला घेतली की पान भरून जातं. माणूस म्हातारा होतो, चप्पल जुनी होते, भाकरी शिळी, लुगडं जीर्ण, भेंडी जून, लोणचं मुरलेलं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हातारी चप्पल कोणी म्हणणार नाही आणि शिळं देऊळही नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दोन्ही आजही माझ्या टेबलावर असतात. पण वयाचे शब्द नेमके कशासाठी आहेत हे मला उमगलं ते खांबच्या शेतांवर.

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकलं की कोलाडच्या आधी खांब लागतं. तालुका रोहा. हा भाताचा मुलूख, आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेणारा. थंडीत या भागात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, मध्ये मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, आणि मडकं उपडं घालून वरून जाळ. या शेंगा निवडायला बसलेल्या बायकांकडे लक्ष देऊन पाहा. बोटाने दाबून कोवळी शेंग एका बाजूला, भरलेली दुसऱ्या बाजूला, जून तिसरीकडे. कोवळीत दाणा धरलेला नसतो. जून झालेलीचं साल चिवट झालेलं असतं. पोपटीला भरलेलीच लागते. म्हणून जून शेंग फुकट गेली असं मात्र नाही. झाडावरच राहू दिली तर ती वाळते, तिचे कडधान्याचे वाल होतात, आणि ते भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं होतं. ‘जून’ म्हणजे या कामाची वेळ टळली, पुढच्या कामाची अजून यायची आहे. ‘जुना’ आणि ‘जून’ हे शब्द एकाच प्राकृत मुळातून आलेले. पण भाषेने दोघांना वेगवेगळी कामं नेमून दिली आणि ती शेकडो वर्षं पाळली.

भाताचंही वय असंच कामाने मोजलेलं. लवकर हाताशी येणारं भात हळवं, उशिरा येणारं गरवं, मधलं निमगरवं. हळवं साधारण चार महिन्यांच्या आत तयार होतं, गरवं पाच महिन्यांच्या घरात जातं. चढाच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवं लावायचं आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट शेतात गरवं. म्हणजे वयाचा शब्द उच्चारला की जमीन कुठली, पाणी किती, कापणी दसऱ्याच्या सुमारास की दिवाळीनंतर, हे सगळं कळतं. बैलाचं वय दातांवर. दुधाचे दात असेपर्यंत आदत, पहिले दोन पक्के दात आले की दुसा, चार झाले की चौसा, सगळे आले की जुळलेला. बाजारात जनावराची जन्मतारीख कोणी विचारत नाही. जबडा उघडून बघतात, कारण त्याला नांगराला किंवा गाडीला कधी जुंपता येईल एवढंच जाणून घ्यायचं असतं.

माणसाच्या वयाचे शब्द याच पठडीतले आहेत. तान्हं, रांगतं, पावलं टाकणारं, शाळेत जाणारं. मग मिसरूड फुटलेला, हाताशी आलेला, कर्ता. बाईच्या बाबतीत पहिलटकरीण, लेकुरवाळी, सुना आलेली. प्रत्येक शब्द त्या माणसाचं घरातलं स्थान सांगतो. इंग्रजीतला ‘टीनएजर’ मात्र निव्वळ आकड्यांच्या उच्चारातून जन्मला. तेरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेवटी इंग्रजीत ‘टीन’ येतं, म्हणून ती सात वर्षं एका दावणीला बांधली गेली. आपले आकडे अकरापासून अठरापर्यंत एका वळणाने जातात आणि एकोणीस तर विसातून एक वजा करून विशीच्या दारात उभं असतं. तेरा ते एकोणीस हा गट मराठीत पडूच शकत नव्हता. ‘पौगंडावस्था’ हा त्याला दिलेला शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा आला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

‘सीनियर सिटिझन’ला मात्र ‘ज्येष्ठ नागरिक’ हा प्रतिशब्द उत्तम मिळाला. ज्येष्ठ म्हणजे कोणाहून तरी मोठा, आणि त्यात मान आपोआप आला. आकड्यांनी वय सांगायचे आपले स्वतःचे शब्दही आहेत आणि तेही नुसते आकडे नाहीत. चाळिशी लागली की डोळ्यांवर चष्मा चढतो, म्हणून चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. साठीला मान मिळाला तो संवत्सरांमुळे. साठ संवत्सरांचं चक्र पुरं झालं की माणूस ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला ते नाव परत येतं. सहस्रचंद्रदर्शन तर पौर्णिमा मोजून केलेलं. हजार पूर्णचंद्र व्हायला एक्क्याऐंशी वर्षांना थोडं कमी लागतं.

आता गेलेल्या काळाकडे वळते. तिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चालू साल ते औंदा, गेलं ते गुदस्ता, त्याच्या मागचं ते परार. गुदस्ता फारसीतून आला, परार संस्कृतातून, आणि शेतकऱ्याने दोघांना एका ओळीत बसवलं. तीन सालांची पिकं शेजारी ठेवून बोलायला यापेक्षा नेटके शब्द नाहीत. तरुण मुलांच्या तोंडी आता ‘लास्ट इयर’ असतं आणि त्याच्या मागच्या वर्षाला शब्दच उरलेला नाही. रीती भूतकाळाचंही तेच. पूर्वी मुंबईचा माल धरमतरच्या खाडीने थेट नागोठण्यापर्यंत येई. या ‘येई’मध्ये वारंवार घडणं आहे. इंग्रजीला त्यासाठी ‘यूज्ड टू’ असे दोन शब्द जोडावे लागतात, आणि त्यात ‘आता नाही’ ही छटाही मिसळते. बोलण्यात आपण ‘यायचा’ म्हणतो, ते ठीकच आहे. पण लेखनातूनही ‘येई, जाई, बसे’ हद्दपार होत चालले आहेत आणि ते मला मान्य नाही.

दूरच्या भूतकाळाला वर्षाचा आकडा नसतोच, घटना असते. ‘रामदास बोट बुडाली तेव्हा मी मांडीवर होते’ असं एखादी आजी सांगते. ती बोट १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला येताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मांडीवर म्हणजे चालायला न लागलेलं मूल, म्हणजे आजीचा जन्म १९४६च्या आसपासचा. तिच्या मुलीचं लग्न नागोठण्याच्या पुराच्या साली, म्हणजे जुलै १९८९मध्ये अंबा नदी फुगली आणि जांभूळपाडा-नागोठण्यात हाहाकार झाला ते साल. नातू रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हाचा, म्हणजे १९९३चा. पणतीचं बारसं निसर्ग वादळाने घरांची कौलं उडवली त्या पावसाळ्यात, ते ३ जून २०२०चं वादळ. जनगणना आणि लोकसंख्येची पाहणी करणारे याच पद्धतीने वय काढतात. गावोगावच्या ठळक घटनांची यादी करून ती प्रश्नावलीसोबत ठेवायची ही तिथली रीतसर पद्धत आहे. नुसतं ‘वय किती’ विचारलं की लोक पन्नास, पंचावन्न, साठ असे गोल आकडे सांगतात आणि जनगणनेच्या तक्त्यात पाच-दहाच्या आकड्यांवर गर्दी होते. घटना विचारली की ती गर्दी कमी होते.

कागदावरचं वय कसं तयार झालं तेही ऐकण्यासारखं आहे. गावच्या जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी गाव नमुना १४मध्ये होई, बरीचशी मोडी लिपीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही पुष्कळ मुलांची तारीख शाळेत नाव घालताना ठरली. शाळा जूनमध्ये उघडे, मूल सहा वर्षांचं दिसे, मास्तर १ जून लिहीत. महाराष्ट्रात आज साठी-सत्तरीत असलेल्या किती माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, ते आपल्याच घरात विचारून पाहावं. या तारखेवर आता बरंच अवलंबून असतं. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत. मास्तरांनी वय एक वर्षाने कमी लावलं असेल तर तेवढं वर्ष सवलतीला थांबावं लागतं. अशा वेळी रामदास बोटीचा पुरावा खिडकीवर चालत नाही, पण खरं वय त्या बोटीपाशीच अधिक नेमकं सापडतं असं माझं ठाम मत आहे.

रामदास बुडाल्याचं ज्यांना स्वतःला आठवतं ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या तोंडचे औंदा, परार, आदत, गरवं हे शब्द कोशात आहेत, पण कोणत्या वाक्यात आणि कोणत्या कामाच्या वेळी ते येतात ते कोशात नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वडील माणसाजवळ तासभर बसा. जन्मतारीख विचारू नका. लग्न कुठल्या साली झालं, तेव्हा गावात काय घडलं होतं, त्या वर्षी भात कसं आलं होतं, ते विचारा. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आपल्या प्रमाण भाषेत सुधारू नका. खाली गावाचं नाव आणि लिहिल्याची तारीख घाला, आणि एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा.