ऐनवेळचे विषय

ग्रामसभेच्या नोटिशीतली शेवटची ओळ ठरलेली असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. तरुणांना जे बोलायचं असतं ते बहुतेक वेळा याच ओळीत ढकललं जातं, आणि तोवर निम्मी सभा उठलेली असते. गावबैठका घडवण्याचं काम करताना माझा आग्रह एकच : ही ओळ सर्वांत वर घ्या.

रांजणगाव गणपतीसारख्या गावात तर याला पर्यायच नाही. एका बाजूला अष्टविनायकांतला महागणपती, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी, मधून पुणे-अहिल्यानगर रस्ता. कंपन्यांत कामाला आलेली कितीतरी मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. ग्रामसभेचा सदस्य कायद्याने तोच, ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे. नाव मूळ गावी असलेली ही मुलं त्यात बसत नाहीत, आणि अठरा न भरलेल्या इथल्या अकरावी-बारावीच्या मुलीही नाहीत. पाण्याची पाळी, कचरा, रात्रपाळीहून परततानाचा अंधार मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

म्हणून ग्रामसभेआधी एक बैठक घ्यावी, तीही विषयपत्रिका कोरी ठेवून. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. ज्याला विषय सुचेल त्याने तो भिंतीवरच्या कागदावर स्वतः लिहायचा, उभं राहून दोन वाक्यांत सांगायचा आणि त्या गटाची जबाबदारी घ्यायची. एकाच वेळी तीन-चार गट बसतात. जिथं मन रमत नाही तिथून उठून दुसऱ्या गटात जाण्याची मुभा सर्वांना, सरपंचांनाही. अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये अशी रीत बसवली. परिषदेतलं खरं बोलणं चहाच्या सुट्टीत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. शाळेतल्या मुलांना ओळीत बसवून पाहुण्यांची भाषणं ऐकवायची आणि त्याला बालसभा म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

मुलींची बैठक आधी, वेगळी आणि दिवसाउजेडी घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, तिच्यामागचं शहाणपण इथंही लागू पडतं.

मतदार नसलेल्यांनी बोलून काय उपयोग, असं हमखास विचारलं जातं. मी गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याकडे बोट दाखवतो. तिथल्या अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसतो, बोलतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने करते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाने विचार करण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली. भाडेकरू मुलांना निदान पहिली जागा देता येते.

एवढं करून विषय ग्रामसभेत पोचला नाही, तर पोरं पुन्हा फिरकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गटाने उठण्यापूर्वी सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन मतदार गाठायचे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी तेवढे मतदार लागतात; तहकूब सभेला तीही अट नाही, आणि पुष्कळ विषय तिथंच चार माणसांत उरकले जातात. तेव्हा माणसं जमवणं हेही गटाचंच काम. ठराव ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मुलांच्या शब्दांत लिहावा, त्याची नक्कल मुलांनी मागून घ्यावी. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करताना ‘दिव्यांचं काय झालं?’ हे विचारायला तो कागद हाताशी लागतो.