आबांचा टेप आणि मक्यातली डुकरं



मक्याचं कणीस चिकात आलं की आमच्या घरातलं एक माणूस शेतावर झोपायला जातं. पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं वीस गुंठं रान आहे, आणि वर सगळं जंगल. डुकरांचा कळप एकदा शिरला की खातो थोडं, पाडतो जास्त. वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला तर भरपाई मिळते. पण गेलेलं पीक आणि गेलेली झोप त्यात बसत नाही.

राखणीला जाणारं माणूस म्हणजे आमचे आबा. वय सत्तरच्या पुढं. सोबत काठी, बॅटरी आणि त्यांचा 'टेप'. टेप म्हणजे बाजारात मिळतो तो मुठीएवढा मेमरी कार्डाचा स्पीकर. एफएम लागतं, पेनड्राइव्ह चालतो. आबा त्यावर कीर्तन ऐकत माळ्यावर बसतात. गेल्या वर्षी बांधावरून येताना पाय घसरून पडले. बिबट्याचा वावर आहे, घोणस तर कायमचीच. म्हणून यंदा ठरवलं, आबांच्या जागी टेपलाच राखणीला बसवायचं.

एक जण म्हणाला, तारेत घरातली लाईट सोड, एका रात्रीत काम होईल. मंडळी, असलं काही करू नका. तो गुन्हा तर आहेच, पण अशा तारेला चिकटून माणसं मेलेली आहेत. आमच्या बांधावरून रात्री मोटार चालू करायला जाणारी माणसं आपलीच असतात.

आता टेपचं सांगतो. आधी माझी चूक, म्हणजे तुमची होणार नाही.

मी आबांचाच टेप उघडला. भोंगा जोडताना वाटलं, गाडीत जसे सगळे मायनस एक असतात तसंच इथंही असणार. म्हणून भोंग्याची एक तार थेट बॅटरीच्या मायनसला लावली. दोन मिनिटांत आतली चिप हात लावू नये इतकी गरम झाली आणि आवाज कायमचा गेला. नंतर समजलं. या छोट्या स्पीकरांच्या अॅम्प्लिफायर चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा चालू असतात, कुठलीच तार मायनस नसते. त्यामुळं बोर्डावरून स्पीकरला जाणाऱ्या ज्या दोन तारा आहेत, त्याच दोन भोंग्याला जायला पाहिजेत. त्यातली एकही दुसरीकडं टेकवायची नाही.

आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री कार्ड तेवढं काढून खिशात ठेवलं.

दुसरा तसलाच टेप आणला. त्यात हे बदल केले.

पहिला बदल बॅटरीचा. आत जुन्या साध्या मोबाईलची चपटी बीएल-५सी बॅटरी असते, 3.7 व्होल्टची. ती रात्रभर पुरत नाही, आणि जुनी झाली की फुगते. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, परत वापरू नका. मी तिच्या जागी लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतला 18650 सेल घातला. नावातच माप आहे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. हाही 3.7 व्होल्टचाच, म्हणून टेपमध्ये दुसरं काही बदलावं लागत नाही. सेल निवडताना मल्टीमीटर लावा. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल घेऊ नका. बाकीचे चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवा. ज्याचा व्होल्टेज टिकला तो चांगला, जो उतरला किंवा चार्ज होताना तापला तो बाजूला. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेनं तो बिघडतो. वीस रुपयांचा होल्डर मिळतो, त्यात बसवा.

दुसरा बदल चार्जिंगचा. टीपी४०५६ नावाची नखाएवढी पट्टी तीस-चाळीस रुपयांना मिळते. सेल 4.2 व्होल्टला पोचला की ती चार्जिंग बंद करते. घेताना सहा टोकांची घ्या. बी प्लस, बी मायनस सेलला आणि आउट प्लस, आउट मायनस टेपला. सहा टोकांच्या पट्टीत संरक्षणाची चिप असते, ती सेल फार उतरू देत नाही आणि शॉर्ट झालं तर तोडते. चार टोकांच्या पट्टीत ती नसते. टेपचं स्वतःचं चार्जिंगचं तोंड मी चिकटपट्टीनं बंद केलं. दोन वाटांनी चार्जिंग नको.

तिसरा बदल भोंग्याचा. मी आधी मोठा अॅम्प्लिफायर शोधत होतो. त्याची गरजच नव्हती. टेपची चिप देते तेवढ्या थोड्या ताकदीवरसुद्धा भोंगा भरपूर वाजतो, कारण भोंग्याचा आकारच आवाज एका दिशेला ढकलतो. भंगारातून आठ ओहमचा छोटा भोंगा दीडशे रुपयांत आणला. मागं ट्रान्सफॉर्मर लावलेला, मंडपवाल्यांचा मोठा भोंगा यात वाजत नाही, तो घेऊ नका. आणि चार ओहमच्या खाली जाऊ नका, म्हणजे चार-चार ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडायचे नाहीत. चिप तापते.

चौथा बदल म्हणजे लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांची तार तोडली. राखणीला रोषणाई कशाला.

सगळं तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये बसवलं, कॅनचं तोंड खाली, भोंगाही जरा खाली वाकवलेला. सप्टेंबरच्या पावसात पाणी आत गेलं नाही. मीटर लावून बघितलं, तर शांत असताना टेप 70 मिलिअँपिअर खातो, ओरडताना चारशेच्या आसपास. दोन हजारचा सेल एक रात्र आरामात काढतो. सकाळी काढायचा, संध्याकाळी लावायचा.

आता आवाज कुठला, हा खरा प्रश्न.

मी मोबाईलवरून वाघाची डरकाळी उतरवली. भोंग्यातून ती सर्दी झालेल्या मांजरासारखी आली. छोट्या भोंग्यातून जाड आवाज निघतच नाही, आणि डरकाळीत सगळा जाडच आवाज. बंदुकीचे बार लावले. पहिल्या तीन रात्री एक डुक्कर आलं नाही. मी आबांना म्हणालो, बघा. चौथ्या रात्री भोंग्यापासून वीस पावलांवर दोन सऱ्या आडव्या झालेल्या.

आबा म्हणाले, "ठरल्या वेळी वाजतंय नव्हं ते? डुकराला काय घड्याळ कळत नाही व्हय? आन् वास कुठाय माणसाचा?"

बरोबर होतं. मी दर दहा मिनिटांनी बार ठेवला होता. डुकराची नजर अधू असते पण नाक फार तेज. आवाज येतो, वास येत नाही, इजा होत नाही, मग ते सरावतं.

मग आबांनाच माळ्यावर बसवून मोबाईलवर त्यांच्या आरोळ्या रेकॉर्ड केल्या. डबा बडवणं, कुत्र्याला हाक, खोकणं, सगळं. माणसाची आरोळी आणि डब्याचा आवाज भोंग्यातून अगदी खणखणीत येतो. टायमरचं सर्किट बनवलं नाही. मोबाईलवरच दहा तासांची एक फाईल केली, मध्ये मोकळी जागा सोडून. कधी चार मिनिटं, कधी एकोणीस, कधी सात. 64 केबीपीएसला दहा तासांची फाईल तीनशे एमबीच्या आत बसते. अशा पाच फाईली केल्या, रोज वेगळी. आणि रोज संध्याकाळी कॅनची जागा बदलायची.

पहिल्या रात्री घरी अंगणात बसलो होतो. शेतावरून आबांची आरोळी आली. आबा माझ्या शेजारी बसलेले. बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "माझा आवाज इतका म्हातारा झालाय व्हय?" मला काही बोलता आलं नाही.

निकाल खरा सांगतो. तीन आठवडे टेप लावला. वरचा एक कोपरा गेला, अंदाजे अर्धा गुंठा. गेल्या वर्षी चार-पाच गुंठं गेलं होतं. पण हे यश एकट्या टेपचं नाही. मी रोज रात्री एक फेरी मारली, वेळ रोज वेगळी, बांधाला धरून पूर्ण चक्कर. दोन रात्री तापामुळं जाता आलं नाही. तो कोपरा त्याच दोन रात्रींत गेला. टेप वाजतच होता.

म्हणून माझं मत असं झालंय की यंत्र राखण करत नाही, राखणीचे तास कमी करतं. आठ तास जागायचं होतं तिथं पाऊण तास लागला. कुणी विकायला आलं आणि म्हणालं 'लावा आणि निवांत झोपा', तर पैसे देण्याआधी चौथ्या रात्रीचं विचारा.

जळालेला टेप मी टाकला नव्हता. एफएम आणि कार्डाचा भाग शाबूत होता, फक्त आवाजाची चिप गेली होती. दुकानातून तसलीच चिप आणून बदलली, नवा सेल घातला, दिवे तसेच ठेवले, आबांना आवडतात. आता तो त्यांच्या उशाशी असतो.

तरी परवा रात्री दोनला उठलो तर अंथरूण रिकामं. बांधावर बॅटरी हलत होती. मी पळत गेलो, ओरडलो. आबा म्हणाले, "फेरी तू मारतोस ती वेळ त्यांना कळली आसंल. माझी कळायची न्हाई."

आता फेरीला दोघं मिळून जातो. तुमच्याकडं डुकरांसाठी काय करता आणि ते किती रात्री टिकतं, तेवढं जरूर सांगा.