प्रत्यय

वर्गात प्रत्यय शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली. पण प्रत्यय म्हणजे काय, हे मला खरे कळले ते भिंगारच्या मळ्यातल्या आमच्या घराला एक खोली जोडायची वेळ आली तेव्हा!

आईचे गुडघे जिना चढेनासे झाले होते. तिची खोली माडीवर. खाली एक खोली नि लागून न्हाणीघर, एवढीच गरज. ‘पाडा ते जुने नि नवे बांधा,’ एका स्नेह्याने सुचवले. आई काही बोलली नाही; त्या रात्री जेवली मात्र नाही.

त्यात जवळच दमडी मशीद. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली ही कोरीव दगडाची वास्तू किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी जमवून उभारली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. २०१० च्या कायद्यानुसार अशा संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. आमचे घर या दुसऱ्या पट्ट्यात.

आराखडा भाचीने काढला. म्हणाली, “मामा, नवी खोली जुन्या घरापेक्षा बुटकी हवी. पाया निराळा, मध्ये फट. नवे बांधकाम खचताना जुन्याला भेग पाडते. जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, ओल आत कोंडते. तिथे चुनाच. आणि जायला दार हवे, तेव्हा ही मागची खिडकी काढू.”

इथे मी अडलो. त्या खिडकीत बसून वडील रोज वर्तमानपत्र वाचीत. माझे मन होईना.

आईच म्हणाली, “अरे, खिडकीत बसायला आता कोण आहे? होऊ दे दार.”

‘मळा’ला ‘त’ लागला की ‘मळ्यात’ होते. मूळ शब्द जरासा वाकतो, तेव्हाच प्रत्यय जडतो. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. प्रत्ययाने नम्र राहावे, हे मी जाणून होतो. शब्दालाही वाकावे लागते, हे इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानी आले नव्हते.

परवानगी आली, खोली झाली. पाहुणे विचारतात, “नवी खोली कुठली?” भाची खूश होते.

परवा आई म्हणाली, “आता दिवसातून दहादा ह्यांच्या खिडकीतून जाते-येते बघ.”

त्या दाराला ती अजून खिडकीच म्हणते.